बाबांचा वाटा

अकराव्या वर्षी माझी मान काळी पडली. आधी मागच्या बाजूला एक पट्टा, मग तसाच काखेत. अम्मीला वाटलं, मळ. दर शुक्रवारी मला न्हाणीत बसवून ती आधी डाळीचं पीठ, मग लिंबाची साल आणि शेवटी नारळाच्या काथ्याची किशी घेऊन माझ्या मानेवर तुटून पडायची. मी किंचाळायचे. एवढी मोठी घोडी झालीस आणि मान धुता येत नाही, म्हणून ती वरून बोलायची. कातडी लाल व्हायची, सोलवटायची, पट्टा मात्र जागच्या जागी.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा एका लग्नात माझ्या मावसबहिणीच्या मुलाच्या मानेवर मला तोच पट्टा दिसला. सात वर्षांचं गुटगुटीत पोर. बायका त्याचे गाल ओढत होत्या आणि त्याची आई, ह्याला एका वेळी पाच घावन लागतात, असं कौतुकानं सांगत होती. मी तिला बाजूला घेऊन दोन शब्द बोलायला गेले, तर तिचं तोंड एवढंसं झालं. नजर लावू नकोस, म्हणाली. मी मुळात तापट, त्यात पंगत वाढायची घाई, त्यामुळे आमचं जुंपायचंच बाकी राहिलं होतं. घरी आल्यावर वाटलं, हे लिहूनच सांगावं. वाचून राग आला तर कागद फाडता येतो.

ताट

आमचं गाव रत्नागिरीजवळ, खाडीच्या काठावर. घरात आम्ही तीन बायका: दादी म्हणजे बाबांची आई, अम्मी आणि मी. बाबा मस्कतला, एका गोदामात. दोन वर्षांनी एकदा रजा मिळायची. गावातली निम्मी घरं अशीच होती. पुरुष आखातात नाहीतर बोटीवर, आणि घरात त्यांचे भिंतीवरचे फोटो.

आमच्या घरात एक रीत होती. ती दादीनं माहेराहून, हर्णेहून आणली होती. घरातला माणूस दर्यावर किंवा परदेशी असला की रोज रात्री जेवताना पहिला वाटा त्याचा काढायचा. दस्तरखान अंथरला की दादी आधी बाबांचं ताट वाढायची. भात, कालवण, माशाची सगळ्यात मोठी तुकडी, दोन तांदळाच्या भाकऱ्या. त्यावर दुसरं ताट पालथं घालायचं. आमचं जेवण होईपर्यंत ते तसंच राहायचं. नंतर ते टाकायचं नाही, कारण अन्न टाकणं पाप. शेजारी द्यायचं नाही, कारण मग त्या माणसाची रोजी परक्या घरी जाते. आईनं लेकाच्या ताटातलं खायचं नाही आणि बायकोनं तर नाहीच. ते त्याच्या पोटच्या पोरानं संपवायचं.

बाबांना पोटचं पोर एकच. मी.

म्हणजे रोज रात्री मी आधी माझं जेवायचे आणि मग बाबांचं. सुरुवातीला जात नसे, तेव्हा दादी घास भरवायची. एक बाबांना सलाम पोचवायला, एक, तिच्या जुन्या सवयीनं, बोट वाऱ्याला लागू नये म्हणून. पुढे मला भरवावं लागेना. खरं सांगते, मला ते ताट फार प्रिय होतं. दिवसभर बाबा नसायचे. फोन आठवड्यातून एकदा यायचा, तोही शेजारच्यांच्या घरी, आणि अर्धा वेळ हॅलो हॅलो करण्यात जायचा. पण रात्री त्यांच्या जागेवर त्यांचं ताट असायचं आणि मी सरकून त्या जागेवर बसायचे. वरचं ताट उचललं की वाफ यायची. तेवढा वेळ मला वाटायचं की ते आत्ताच हात धुवायला गेलेत, येतील.

बाबांना पाठवायचे फोटोही असायचे. ईदला नवे कपडे घालून मला रत्नागिरीला स्टुडिओत न्यायचं. फोटोत मी जितकी रुंद, तितकं दादीला समाधान. पोरगी सुकलेली दिसली तर तिकडे त्याचं काळीज तुटेल, असं ती म्हणायची. शाळेत मात्र मुलं मला 'गलबत' म्हणत. मी घाटीची चढण चढून वर्गात शिरले की कोणीतरी भोंगा वाजवायचं. मी धापा टाकत बसायचे, डोकं ठणकत असायचं, आणि घरी काही सांगायचे नाही.

मलम मागायला गेलो

दोन हजार सालच्या सुमारास, बाबांची रजा जवळ आली असं वाटत असताना, अम्मी मला रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. कशाला, तर मानेला लावायचं मलम मागायला. बाबा येतील तेव्हा पोरीची मान स्वच्छ दिसली पाहिजे, एवढाच तिचा हिशेब.

डॉक्टरीणबाईंनी माझी वेणी उचलून मान बघितली. बोट फिरवलं. मग अम्मीला विचारलं की हे घासता का. अम्मी शरमून म्हणाली, दर शुक्रवारी घासते हो, पण ही पोरगीच अशी. बाई म्हणाल्या, "घासू नका. हा मळ नाही. हे आतून आलंय."

मग मला काट्यावर उभं केलं. काटा बघून त्या काही बोलल्या नाहीत. आकडा मोठ्यानं वाचलाही नाही. शाळेत तपासणीला गुरुजी सगळ्या वर्गासमोर वजन ओरडून सांगायचे, म्हणून मी आधीच डोळे मिटून घेतले होते. कोणीच ओरडलं नाही तेव्हा उघडले. त्या आजारात मिळालेली ही पहिली दया, आणि मी ती अजून विसरलेले नाही.

बीपी बघायचा लहान मुलांचा पट्टा माझ्या दंडाला पुरेना. मोठ्या माणसांचा आणला. बाईंनी एकदा बघितलं, मला पाणी पाजून बसवलं, परत बघितलं, थोड्या वेळानं आणखी एकदा. मग घरातल्या माणसांचं विचारायला लागल्या. अम्मीनं सांगितलं: सासरे पन्नाशी गाठायच्या आत गेले, छातीत कळ येऊन. थोरले दीर चाळिशीत गेले, तसेच. हे सांगताना तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. तोवर ही दोन मरणं तिनं कधी एका ओळीत मांडली नसावीत.

पोरगी काय खाते, असं बाईंनी विचारलं. सगळ्यांसारखंच, एक ताट, असं अम्मी म्हणाली. खोटं बोलत नव्हती ती, तिला खरंच तसं वाटायचं. मलाच राहवलं नाही.

"आणि बाबांचं," मी म्हणाले.

"बाबा घरी असतात का?"

"नाही. मस्कतला असतात."

बाई अम्मीकडे बघायला लागल्या आणि अम्मी जमिनीकडे.

वॉर्डातले दिवस

बीपी खाली येईना म्हणून मला थोडे दिवस ठेवून घेतलं. पहाटे उपाशीपोटी रक्त. मग सिस्टर येऊन पट्टा बांधणार, फुस्स फुस्स करणार, लिहिणार आणि जाणार. दुपारी परत तेच, संध्याकाळी परत तेच. रक्ताची एक छोटी बाटली मुंबईला तपासायला गेली, कारण ती तपासणी तेव्हा इथे होत नव्हती. तिचा निकाल आल्यावर बाईंनी अम्मीला समजावलं ते मला अजून आठवतं. अंगात बारीक धग आहे, म्हणाल्या, राखेखाली विस्तव असतो ना, तशी. ताप येत नाही, दुखत नाही, पण रक्ताच्या नळ्या आतून सुजत राहतात. एवढ्या लहान वयात सुरू झालं तर हिचं काळीज लवकर थकेल. अजून वेळ आहे, पण ते दुसरं ताट आजपासून बंद आणि चालणं आजपासून सुरू.

मला फक्त काळीज आणि थकेल हे दोन शब्द ऐकू आले. मी दादांसारखी, म्हणजे आजोबांसारखी, मरणार, असं मी समजले. रात्रभर छातीवर हात ठेवून ठोके ऐकत पडले. पण खरं दुःख मला वेगळंच होतं. मी इथे, मग तिकडे घरी बाबांचं ताट कोण जेवतंय?

शेजारच्या खाटेवर गुहागरकडचा एक मुलगा होता, काविळीचा. हाडं मोजून घ्यावीत असा. त्याची आई रोज माझ्याकडे बघून उसासे टाकायची. "तुमचं लेकरू कसं भरलेलं हाय गो, बाय. माझ्याच्या पोटात पेज ठरत नाय." दोघी आया दोन खाटांच्या मध्ये बसून एकमेकींच्या पोरांचा हेवा करत होत्या, आणि दोन्ही पोरं आजारी होती.

रजा मात्र त्या वर्षी मिळालीच नाही. बदली माणूस आला नव्हता. बाबांनी फोन करून तसं सांगितलं, आणि मी दवाखान्यात आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

दर्यानं नाही नेलं

घरी आलो त्या रात्री दादीनं नेहमीसारखं पहिलं ताट वाढायला घेतलं. अम्मीनं तिचा हात धरला. सुनेनं सासूचा हात धरण्याची आमच्या घरातली ती पहिली वेळ.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते अम्मीनं सांगितलं. दादी ऐकत होती, पण तिला एकच गोष्ट ऐकू येत होती, की तिच्या लेकाचा वाटा बंद करायचा आहे. ती रागावली नाही, घाबरली. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

"माझ्या लेकाची रोजी तोडतेस काय गो?" ती म्हणाली. "पोरीच्या दादांसाठी वर्षानुवर्षं ताट वाढलाय मी. वादळं आली, बोटी बुडाल्या. दर्यानं त्यांच्या केसाला धक्का लावलान नाय."

अम्मीनं आधी तिचा हात सोडला. मग म्हणाली, "दर्यानं नाय नेलान त्यांना, मां. घरी जेवताना गेले ते. तुमच्यासमोर."

दादीचा हात तिथेच थांबला. मला वाटलं, आता ती अम्मीला घराबाहेर काढणार. ती उठली आणि आत जाऊन नमाजाला उभी राहिली. त्या रात्री बाबांचं ताट वाढलं गेलं नाही. त्यांची जागा रिकामी होती, आणि ती रिकामी असते हे मला पहिल्यांदाच दिसलं.

मी अम्मीवर तुटून पडले. "तू बाबांना जेवणावरून उठवलंस," असं म्हणाले. दुसरं काही बोलले असते तर ती माझ्यावर ओरडली असती. पण हे ऐकून ती मागच्या दारी गेली आणि विहिरीजवळ बसून रडली. असं तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी शेजारी फोन आला. तोवर शेजाऱ्यांकडून बाबांना सगळं कळलं होतं. मी रिसिव्हर घेतला आणि सलाम करायचाही विसरले. विचारलं, बाबा, तुमचं ताट बंद करायचं म्हणतायत, करू? पलीकडे खरखर आली, मला वाटलं फोन तुटला. मग ते म्हणाले, "मी पण जेवलोय गो, माझ्या बापाच्या ताटावर. मोठा होईस्तोवर. मला पण बरा वाटायचा. ते बाजूला बसलेत असा वाटायचा."

मला जे सांगायचं होतं ते त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"तू बंद कर आता," ते म्हणाले. "मी आहे ना. जिवंत आहे. ताट नसला म्हणून मरत नाय."

तुम्ही पण तिकडे बीपी बघून घ्या, असं अम्मीनं मागून ओरडून सांगितलं. हो हो म्हणाले. हो हो म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

एक घास

दादीनं शेवटी आपलीच तोड काढली. वाटा काढायचाच, पण घासभर. वाटा केवढा असावा हे तिच्या आईनं कधी सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली. एका बशीत एक घास भात आणि माशाचा कण. तो माझा. मी तो तोंडात धरून ठेवायचे, विरघळेपर्यंत. पूर्वी अर्धा तास बाबांजवळ बसायला मिळायचं, आता एका घासापुरतं. आजारपणातली सगळ्यात कठीण गोष्ट कोणती, असं कोणी विचारलं तर मी चालणं म्हणणार नाही, भूकही म्हणणार नाही. ही म्हणेन.

भूक तर होतीच. पहिले काही महिने मी घरात वाघिणीसारखी फिरत होते. वडे, सांदणं, बाबांनी पाठवलेली दुधाची पावडर, सगळं अम्मीनं कुलपात घातलं आणि किल्ली कमरेला बांधली. तिनं एकच शहाणपण केलं, आणि ते प्रत्येक आईनं करावं: मला एकटीला काही बंद केलं नाही, तिघींचंच ताट बदललं. पहाटे आम्ही दोघी जेटीपर्यंत चालत जायचो. हसणारे हसले. आता काय मायलेकी शर्यतीत पळणार काय, असं मासळीवाल्या विचारायच्या. अम्मी त्यांना म्हणायची, तुम्ही पण चला, पाट्या आम्ही घेतो. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. काही महिने वजन तसूभर हललं नाही आणि मी रोज सगळं सोडून द्यायचं ठरवायचे. पहाट झाली की अम्मी चपला पुढे ठेवायची.

पुढच्या वर्षी घाटी चढून वर्गात गेले आणि कोणी भोंगा वाजवला नाही. त्याच्यानंतर कधीतरी डॉक्टरीणबाईंनी लहान मुलांचा पट्टा माझ्या दंडाला बांधला आणि तो बसला. धग उतरतेय, म्हणाल्या. मान मात्र सगळ्यात शेवटी उजळली. ज्यांची पोरं या वाटेवर आहेत त्यांना सांगते, मानेची घाई करू नका.

रजा

बाबांना रजा मिळाली तेव्हा मी तेरा पुरी करून चौदाव्यात होते. एस.टी. स्टँडवर ते उतरले आणि गर्दीत मला शोधायला लागले. त्यांची नजर माझ्यावरून दोनदा पुढे गेली. मी हाक मारली तेव्हा ते दचकले. माझे दोन्ही खांदे धरून बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरले. मी सुकले म्हणून, की बरी झाले म्हणून, ते मी विचारलं नाही.

एक सांगायला हवं. बाबा रजेवर येत तेव्हाही मी त्यांना कधी जेवताना पाहिलं नव्हतं. ते आले की भेटणाऱ्यांची रीघ लागायची, बाहेर पडवीत पुरुषांची पंगत बसायची आणि आम्ही आत बायकांत जेवायचो. या वेळी अम्मीनं ठणकावून सांगितलं की पहिलं जेवण घरच्यांचं. तिनं दार ओढून घेतलं. बाहेर दोनतीन जण खाकरून निघून गेले.

दस्तरखानावर बाबा त्यांच्या जागेवर बसले. दादीनं त्यांना वाढलं, अगदी पूर्वी वाढायची तसं: भाताचा डोंगर, सुरमईची मधली तुकडी, दोन भाकऱ्या. मी शेजारी बसले होते. बाबांनी पहिला घास घ्यायच्या आधी ती तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवली.

मी तुकडी उचलून परत त्यांच्या ताटात ठेवली. "तुम्ही खा, बाबा," मी म्हणाले. "मला तुम्हाला जेवताना बघायचाय."

ते जेवायला लागले. भाकरीचा तुकडा मोडायचे, कालवणात बुडवायचे, सावकाश चावायचे. मी माझं ताट विसरून बघत होते. अर्धी भाकरी झाली. तुकडीतला थोडा मासा झाला. भात त्यांनी बोटांनी एका कडेला केला, चार घास घेतले आणि हात आवरला.

"बस, मां," ते म्हणाले.

दादी डाव घेऊन पुढे झाली होती. "एवढाच?"

"एवढाच लागता मला. किती वर्षं झाली. एकट्यानं जेवायचा, जात नाय."

पुढच्याच आठवड्यात अम्मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बीपी निघालंच. गोळ्या घेऊन ते परत मस्कतला गेले आणि अजून तिकडेच आहेत. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी दादी डाव हातात धरून त्या उरलेल्या भाताकडे बघत होती. वीस वर्षांचा असताना घरून गेलेल्या लेकाच्या भुकेएवढं ताट ती वर्षानुवर्षं वाढत आली होती, आणि ते बंद होईपर्यंत मी ते रोज रात्री संपवत आले होते.

बाबा हात धुवायला उठले. ताट तसंच होतं, जवळजवळ भरलेलं. आम्हा तिघींपैकी कोणीही त्याला हात लावला नाही.